कार्ब, फॅट बर्निंग आणि वजन: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

कार्ब (म्हणजे धान्य, बटाटे, साखर यातली कर्बोदकं) बंद करा, चरबी जळायला लागेल, हे वाक्य जिथे तिथे ऐकायला मिळतं आणि ते अर्धं खरं असल्यामुळेच जास्त घोळ होतो. पूर्ण खोटं असतं तर कधीच मागे पडलं असतं. खाली जे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते घेतलेत, काहींची उत्तरं लांबलीत, काही दोन ओळींत संपतात.

कार्ब खाल्ले की फॅट बर्निंग थांबतं, हे खरं आहे का?

बऱ्यापैकी खरं आहे. कार्ब पोटात गेले की त्याचं ग्लुकोज होतं, रक्तातली साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि इन्सुलिन चरबीच्या पेशींना सांगतं की आत्ता काही बाहेर काढू नका, बाहेर भरपूर आहे. त्या पेशींमध्ये साठलेली चरबी फोडणारी एन्झाइम्स असतात ती शांत होतात, रक्तात फॅटी ॲसिड कमी येतात आणि स्नायू समोर आलेलं ग्लुकोज वापरायला लागतात. म्हणजे शरीर त्या वेळी जे इंधन जास्त आलंय ते आधी संपवतं. ग्लुकोज आणि फॅटी ॲसिड यांची ही चढाओढ फिलिप रँडल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडली, आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हे मोजताही येतं, आणि रक्त न काढता. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो त्याला तो आत घेत असलेल्या ऑक्सिजनने भागून गुणोत्तर काढतात. निव्वळ कार्ब जळत असतील तर ते १ येतं, निव्वळ फॅट जळत असेल तर साधारण ०.७, आणि आपण सगळे दिवसभर या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो, जेवल्यावर १ कडे सरकतो, झोपेत आणि उपाशी असताना ०.७ कडे.

पण "थांबतं" म्हणजे कायमचं नाही हो. काही तासांपुरतं मंदावतं. जेवण पचलं, इन्सुलिन खाली आलं की गाडी परत फॅटवर येते. रोज येते, तुम्ही कुठलाही डाएट करत नसलात तरी.

मग कार्ब कमी केले तर चरबी उतरणारच ना?

इथेच सगळी गडबड आहे. फॅट जास्त जळणं ही एक गोष्ट आणि अंगावरची चरबी कमी होणं ही दुसरी. कार्ब कमी केले की ताटात फॅट वाढतं, कारण पोट कशाने तरी भरायचंच असतं, मग बटर, चीज, सुकामेवा, मांस. शरीर जास्त फॅट जाळतं हे खरं, पण त्यातलं बरंचसं तुम्ही त्याच दिवशी खाल्लेलं फॅट असतं. पगार वाढला आणि खर्चही तेवढाच वाढला तर खर्चाचा आकडा मोठा दिसतो पण शिल्लक तिथेच राहते, तसं.

याचा एक मस्त प्रयोग आहे. केविन हॉल नावाचे तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करणारे संशोधक, त्यांनी २०१५ मध्ये लठ्ठपणा असलेल्या १९ जणांना चक्क वॉर्डमध्ये ठेवून प्रत्येक घास मोजून दिला. एकदा ३०% कॅलरी फक्त कार्बमधून कापल्या, एकदा तेवढ्याच कॅलरी फक्त फॅटमधून कापल्या, दोन्ही ६-६ दिवस. कार्ब कापल्यावर इन्सुलिन कमी झालं, फॅट बर्निंग वाढलं, अगदी पुस्तकात लिहिलंय तसं. पण शरीरातली चरबी? कार्ब कापल्यावर रोज साधारण ५३ ग्रॅम गेली आणि फॅट कापल्यावर साधारण ८९ ग्रॅम. ज्या डाएटमध्ये फॅट बर्निंग वाढलंच नाही त्यात चरबी जास्त गेली, कारण आत येणारं फॅटच खूप कमी झालं होतं ना.

आता यावरून "लो फॅटच भारी" असा निष्कर्ष काढू नका, ६ दिवसांचा प्रयोग आहे, आणि घरी कोणी आपल्याला मोजून वाढत नाही. पण फॅट बर्निंगचा आकडा बघून चरबी उतरतेय असं समजण्यात काही अर्थ नाही एवढं त्यातून स्पष्ट दिसतं.

पण माझं पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरलं, ते काय होतं मग?

जास्त करून पाणी. शरीरात कार्बचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम, माणूस किती मोठा, किती स्नायू, किती व्यायाम यावर बदलतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत ३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून बसतं. अर्धा किलो ग्लायकोजेन आणि त्यासोबतचं दीड किलो पाणी, झाले की दोन किलो. वर इन्सुलिन कमी झालं की किडनी मीठ जास्त बाहेर टाकते आणि मिठाबरोबर आणखी पाणी जातं. सुरुवातीच्या दिवसांत डोकं दुखणं, गळून जाणं, पायात गोळे येणं होतं त्यात या गेलेल्या मीठ-पाण्याचा मोठा हात असतो.

हिशोब करून बघा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आठवड्यात दोन किलो निव्वळ चरबी उतरवायची तर रोज २२०० कॅलरीची तूट पाहिजे, म्हणजे बऱ्याच लोकांनी जवळजवळ काहीच खायचं नाही असं झालं. तेव्हा वजनकाट्यावर खूश व्हा, हरकत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला म्हणून डाएट "काम करायचं थांबलं" असं समजून सोडू नका. ते तेव्हा कुठे खऱ्या वेगावर आलेलं असतं.

आणि हेच उलटंही होतं. एका दिवशी दाबून कार्ब खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी काटा किलोभराने वर, तर ती चरबी नाही, पाणी परत आलंय.

खाल्लेल्या कार्बची चरबी होते का?

होऊ शकते पण शरीर ते काम फार आवडीने करत नाही. ग्लुकोजपासून नवीन फॅट बनवायला ऊर्जा खर्च होते, म्हणून आधी ग्लायकोजेनचा साठा भरला जातो, मग जास्तीचं जाळलं जातं. स्वित्झर्लंडमध्ये १९८८ मध्ये काही पुरुषांना मुद्दाम दिवसेंदिवस प्रचंड कार्ब खाऊ घालून बघितलं तेव्हा दिसलं की साठा शरीराच्या दर किलोमागे साधारण १५ ग्रॅमपर्यंत ताणला जातो आणि तो भरल्यावरच फॅट बनवण्याचा कारखाना जोरात चालू होतो. साधं जेवण जेवणारा माणूस तिथपर्यंत सहसा पोचत नाही.

म्हणून कार्ब खाऊन वजन वाढत नाही असं समजू नका हां. वाढतं, पण आडवाटेने. कार्ब जळत असताना त्याच जेवणातलं फॅट जळायचं राहतं आणि ते थेट साठ्यात जातं. चिप्स, केक, आइस्क्रीम, डोनट यात दोन्ही एकत्र असतात, आणि नेमके हेच पदार्थ थांबता येत नाही असे असतात.

फक्त फ्रुक्टोजचं, म्हणजे फळांत आणि साखरेत असणाऱ्या एका प्रकारच्या साखरेचं, प्रकरण थोडं वेगळं आहे. ते बरंचसं लिव्हरमध्ये जातं आणि तिथे त्यातून फॅट बनणं तुलनेने सोपं असतं, त्यामुळे रोज भरपूर गोड पेयं पिणाऱ्यांमध्ये फॅटी लिव्हरचा धोका वाढलेला दिसतो. फळातल्या फ्रुक्टोजबद्दल हे नाही, फळातून तेवढं खाणं अवघडच आहे.

इन्सुलिन हाच खरा व्हिलन आहे असं ऐकलंय

ऐकलं असेलच, हा युक्तिवाद बरीच वर्षं चालू आहे आणि त्याच्या मागे हार्वर्डचे डेव्हिड लुडविग यांच्यासारखे गंभीर लोक आहेत, त्यामुळे हसण्यावारी नेता येत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पटकन पचणारे कार्ब इन्सुलिन वाढवतात, इन्सुलिन ऊर्जा चरबीच्या पेशींत कोंडून ठेवतं, बाकी शरीराला उपासमार वाटते, म्हणून भूक लागते आणि आपण जास्त खातो. म्हणजे जास्त खाल्लं म्हणून जाड झालो नाही, जाड होत होतो म्हणून जास्त खाल्लं. ऐकायला एकदम पटतं.

अडचण अशी की प्रयोगात ते नीट उतरत नाही. हॉल यांच्याच टीमने २०२१ मध्ये २० जणांना दोन आठवडे केटो, म्हणजे अगदी कमी कार्बचं आणि भरपूर फॅटचं जेवण, आणि दोन आठवडे कमी फॅटचं, भरपूर कार्बचं शाकाहारी जेवण दिलं, हवं तेवढं खा म्हणाले. भरपूर कार्बच्या जेवणात जेवल्यानंतरचं इन्सुलिन आणि साखर दोन्ही जास्त होतं, त्या थिअरीनुसार भूक वाढायला पाहिजे होती, पण लोक रोज जवळजवळ ६९० कॅलरी कमी खात होते! वर प्रोटीन खाल्ल्यावरही इन्सुलिन वाढतं हे लोक सोयीस्कर विसरतात, अंडी आणि मासे खाऊन कोणी फुगत नाही. आणि चरबी साठायला इन्सुलिनची मोठी उसळी लागतच नाही, अगदी थोड्या इन्सुलिनमध्येही साठवण चालू राहते, त्यामुळे "कार्ब नाहीत, आता फॅट कितीही खा" हे चालत नाही.

माझं मत विचाराल तर इन्सुलिन कोणत्या वेळी कोणतं इंधन जळेल ते ठरवतं, महिन्याच्या शेवटी तुमचं वजन किती असेल ते नाही ठरवत. डायबेटीस असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल खाली लिहिलंय.

असं असेल तर लो कार्बवर इतक्या लोकांचं वजन खरंच का उतरतं?

उतरतं, यात वाद नाही. १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या माणसाने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका छापली, तेव्हापासून दर पिढीत हेच नव्या नावाने परत येतं. जे इतकी वर्षं टिकलंय त्यात काहीतरी असणारच.

फक्त कारण बहुतेक वेगळं आहे. कार्ब सोडायचे म्हटलं की बिस्किटं, कोल्ड्रिंक, पेस्ट्री, चॉकलेट, पिझ्झा हे सगळं एका फटक्यात जातं, म्हणजे ज्या गोष्टी भूक नसताना खाल्ल्या जातात त्याच. त्यांच्या जागी प्रोटीन वाढतं आणि प्रोटीनने पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं, शिवाय ते पचवायला त्यातल्याच २० ते ३०% कॅलरी खर्च होतात, कार्बला ५ ते १०% आणि फॅटला जेमतेम ३% पर्यंत. काही लोकांची केटोसिसमध्ये, म्हणजे कार्ब फार कमी असल्यामुळे लिव्हर फॅटपासून केटोन नावाचं इंधन बनवायला लागतं तेव्हा, भूकही मंदावते. म्हणजे माणूस न मोजता कमी खातो, आणि त्याला वाटतं की हार्मोनची जादू झाली.

पण लांबच्या पल्ल्यात बघा काय होतं. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या टीमने ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं, एक हेल्दी लो कार्ब, एक हेल्दी लो फॅट, २०१८ मध्ये निकाल आला. लो कार्बवाल्यांचं सरासरी ६ किलो उतरलं आणि लो फॅटवाल्यांचं ५.३, म्हणजे फरक सांगण्यासारखा नाहीच. ज्यांचं इन्सुलिन जास्त सुटतं त्यांना लो कार्ब जास्त लागू पडेल अशी आशा होती, तीही फोल ठरली. मजेची गोष्ट अशी की दोन्ही गटांत कोणाचं २५ किलोच्या वर उतरलं तर कोणाचं चक्क वाढलं. तेव्हा "कुठला डाएट चांगला" यापेक्षा "माझ्याकडून कुठला होईल" हा प्रश्न मला तरी जास्त कामाचा वाटतो.

सकाळी उपाशीपोटी कार्डिओ केला तर चरबी जास्त जाते ना?

व्यायाम चालू असताना फॅट जास्त जळतं, हो. पण मग दिवसाच्या उरलेल्या वेळात शरीर ते बरोबर करून घेतं. २०१४ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड यांनी २० तरुण स्त्रियांवर चार आठवडे हे तपासलं, अर्ध्या उपाशीपोटी, अर्ध्या खाऊन, दोघींचा डाएट सारखाच कॅलरी कमी असलेला. शेवटी चरबी दोन्हीकडे सारखीच उतरली. तुम्हाला रिकाम्या पोटी बरं वाटत असेल तर करा, चक्कर येत असेल तर खाऊन करा.

ट्रेडमिलवर "फॅट बर्निंग झोन" लिहिलेलं असतं त्याचंही असंच. हळू चालताना जळणाऱ्या कॅलरीतला फॅटचा वाटा जास्त असतो, वेग वाढला की कार्बचा वाटा वाढतो. पण समजा अर्ध्या तासात हळू चालून १५० कॅलरी जळल्या त्यातल्या ६०% फॅटच्या, म्हणजे ९०, आणि पळून ३५० जळल्या त्यातल्या ४०% फॅटच्या, म्हणजे १४०. टक्केवारी कमी, फॅट जास्त. आणि तसंही त्या अर्ध्या तासात काय जळलं यावर फार काही अवलंबून नाही हे वर आलंच आहे.

मी पळतो / सायकल चालवतो, कार्ब कमी केले तर शरीर फॅटवर चालायला शिकेल का?

शिकतं, आणि जबरदस्त शिकतं. २०१६ मधल्या एका अभ्यासात बरेच महिने लो कार्बवर असलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचं फॅट जाळण्याचं शिखर सरासरी मिनिटाला १.५४ ग्रॅम होतं, भरपूर कार्ब खाणाऱ्यांचं ०.६७. म्हणजे दुपटीहून जास्त. यावरून खूप लोक पेटले.

मग ऑस्ट्रेलियाच्या लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर प्रयोग केला. तिथेही फॅट बर्निंग प्रचंड वाढलं, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागायला लागला आणि कार्ब खाणाऱ्या गटाची वेळ सुधारली तेव्हा यांची सुधारलीच नाही. फॅटमधून तेवढीच ऊर्जा काढायला ऑक्सिजन जास्त लागतो, हे रसायनशास्त्र आहे, त्याला इलाज नाही. संथ आणि खूप लांब जायचं असेल तर ठीक, पण शर्यतीत वेग पाहिजे, चढ आहे, शेवटी स्प्रिंट मारायचाय तर कार्ब लागतात.

सगळे कार्ब सारखेच का?

अजिबात नाही, आणि खरं सांगायचं तर ग्रॅम मोजण्यापेक्षा इथे लक्ष दिलं तर निम्मं काम होतं. कडधान्य, भाज्या, अख्खं फळ, अख्खं धान्य यात फायबर आणि पाणी असतं, चावावं लागतं, वेळ लागतो, पोट भरतं. तेच कार्ब पेयातून आले तर पोटाला पत्ताच लागत नाही, गोड पेय प्यायल्यावर माणूस पुढच्या जेवणात तेवढं कमी खात नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते आणि वरून घातलेली, तसंच मध आणि ज्यूसमधली साखर एकूण कॅलरीच्या १०% च्या आत, जमलं तर ५% च्या आत.

ग्लायसेमिक इंडेक्सबद्दलही विचारतात, म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वाढते त्याचा आकडा. टोरांटोचे डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ मध्ये आणला, डायबेटीसवाल्यांना उपयोगी आहे, पण निव्वळ वजनासाठी त्याच्या मागे लागू नका, आइस्क्रीमचा इंडेक्स उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी येतो, आता बोला.

कारखान्यात तयार झालेल्या खाण्याचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे असं अतिप्रक्रिया केलेलं जेवण आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं, समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कार्ब, फॅट, साखर, फायबर सगळं जुळवलेलं. तरी प्रक्रिया केलेल्या जेवणात लोक रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन बसले आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढले.

रात्री कार्ब खाल्ले की चरबी होते का?

घड्याळ बघून कार्ब चरबी बनत नाहीत. रात्री उशिरा खाणारे एकूणच जास्त खातात, टीव्हीसमोर बसून तर नक्कीच, तिथे खरी अडचण असते.

भात किंवा बटाटे शिजवून गार केले तर कॅलरी कमी होतात?

थोडासा स्टार्च न पचणाऱ्या प्रकारात बदलतो, त्यामुळे साखर जरा कमी वाढते. पण फरक इतका छोटा की त्याच्या भरवशावर डबल वाढून घेतलं तर तोटाच होईल.

उतरलेली चरबी नेमकी जाते कुठे?

घामातून जात नाही, "वितळून" पण जात नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी साधा हिशोब मांडून दाखवला की १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. पण म्हणून नुसता जोरजोरात श्वास घेऊन काही होणार नाही हेही सांगून ठेवतो, कोणीतरी विचारतंच.

मग दिवसाला किती ग्रॅम कार्ब खाऊ?

एकच आकडा सगळ्यांना लागू नाही. केटो म्हणजे साधारण २० ते ५० ग्रॅम, लो कार्ब म्हटलं की लोक बहुतेक १३० ग्रॅमच्या आतलं धरतात. मी उलट बाजूने जाईन: आधी प्रोटीन ठरवा, मग भाज्या आणि फायबर, गोड पेयं काढून टाका, आणि मग उरलेल्या कॅलरी कार्बला द्यायच्या की फॅटला हे तुमच्या जिभेवर आणि व्यायामावर सोडा. ज्याला पाव-भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही त्याने केटोच्या वाटेला जाऊन स्वतःचा छळ करू नये.

कोणी परस्पर कार्ब बंद करू नयेत?

इन्सुलिन घेणारे आणि साखर कमी करणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणारे, कारण कार्ब एकदम कमी आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटीसच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपा, त्यात साखर नॉर्मल दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस (केटोन फार वाढून रक्त आम्ल होणं) होऊ शकतो आणि तो जीवघेणा असतो. प्रेग्नंट असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, किडनीचा आजार असेल, खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झालेला असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. टाइप २ डायबेटीसमध्ये कार्ब कमी केल्याचा साखरेवर चांगला परिणाम दिसतो, पण औषधं डॉक्टरांनीच कमी करायची, आपण नाही. काही जणांचं एलडीएल, म्हणजे "वाईट" कोलेस्टेरॉल, केटोवर बरंच चढतं, तेव्हा काही महिन्यांनी रक्त तपासून घ्या.

केटोनच्या पट्ट्या आणि ते केटोन पावडरचं ड्रिंक घ्यावं का?

लघवीच्या पट्ट्या काही आठवड्यांनी फिक्या पडायला लागतात कारण शरीर केटोन वाया घालवणं कमी करतं, लोकांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं. रक्ताचं मीटर जास्त खरं सांगतं, डाएटमधला केटोसिस साधारण ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटर. पण ते फक्त केटोन आहेत एवढंच सांगतं, ते कुठून आले ते नाही, पोटावरच्या चरबीतून की सकाळी कॉफीत टाकलेल्या बटरमधून. आणि पावडर पिऊन केटोन वाढवले तर ते बाहेरून आलेले असतात, उलट त्याने चरबीच्या पेशींतून फॅट बाहेर येणं काही वेळ कमीच होतं. पैसे वाचवा.